पट्ट्याखालचा तळहात

काष्टीच्या शनिवारच्या बाजारात धार लावणाऱ्याच्या चाकापाशी कायम गर्दी. विळे, कोयते, कुऱ्हाडी घेऊन माणसं उन्हात ताटकळत उभी असतात. त्या रांगेत रेश्माने काखेतली गोणपाटाची गुंडाळी सोडली, आणि पुढची-मागची माणसं आपसूक दोन पावलं सरकली. आत दांडपट्टा होता. लांब, लवलवतं पातं, आणि मुठीच्या जागी कोपरापर्यंत हात झाकणारा लोखंडी खोबळा.

एक जण मात्र सरकला नाही. हातात विळा, पायात धुळीने भरलेल्या चपला आणि चेहऱ्यावर सगळ्या जगाला वेळ आहे असा भाव.

“कुणाची मान?” त्याने विचारलं.

“लिंबाची,” रेश्मा म्हणाली.

“आमच्या अकोल्याकडं, भंडारदऱ्याच्या अंगाला, लिंबू इळीवर चिरत्यात.”

“मग तिकडंच चिरायचं. इकडं कशाला आलात?”

“बैल बघायला.”

रेश्माने त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. “घरी आरसा न्हाई का?”

धार लावणारा खदखदून हसला. तो गडीसुद्धा हसला, पण जरा उशिरा, आणि हसताना त्याचे कान लाल झाले. उंचापुरा बाप्या आणि कान लाजतात... रेश्माला गंमत वाटली. गंमत वाटली म्हणून लगेच स्वतःचाच रागही आला.

त्याने रांगेतला आपला नंबर तिला दिला. चाकावरून ठिणग्या उडू लागल्या, तसा तो हळूच म्हणाला, “लिंबू ठिवता कशावर?”

“माणसाच्या तळहातावर ठेवायचं असतं. माणूस मिळत न्हाई, म्हणून विटेवर ठेवते.”

“विटेवर...” त्याने मान डोलावली. मग पट्टा गुंडाळून ती निघाली, तेव्हा मागून म्हणाला, “अवो, कडबा कुणाकडं मिळंल का? जनावराला?”

“माझ्याकडं हाय,” रेश्मा म्हणाली.

असं आपण का म्हणालो, हे तिला घरी पोचेपर्यंत समजलं नाही. कडबा विकायचा तिचा काही विचार नव्हता.

रेश्माचं घर गावाबाहेर, मळ्यात होतं. घरात ती आणि तिची आत्या छबूबाई, दावणीला दोन गाई, आणि अंगणात गेलेल्या वडिलांची, आप्पांची, रिकामी बाज. सकाळ-संध्याकाळ ती गावच्या डेअरीत दूध मोजून घ्यायची. लोक कॅन पुढे करायचे, फॅट विचारायचे आणि जायचे. तिच्याशी कुणी वाकडं बोलत नसे, पण कुणी थांबतही नसे. मोबाईल वाजला तर रिचार्ज संपल्याचं सांगायला वाजायचा. संध्याकाळी छबूबाई आठालाच गोधडीत शिरायची, आणि मग जेवायच्या ताटासमोर रेश्मा एकटी. आपण बरं, आपलं काम बरं, असं ती स्वतःला सांगायची. पण एवढ्या मोठ्या अंगणात एकाच माणसाच्या भाकरीचा वास फार केविलवाणा येतो, हे तिला कळत होतं.

आणि काम कुठलं? तर सूड.

नदीच्या दोन काठांवर दोन गावं, आणि मधल्या वाळवंटात पट्टेवालीचं ठाणं. शेंदूर फासलेली एवढीशी मूर्ती, पण दोन्ही गावं तिला नमस्कार केल्याशिवाय पूल ओलांडत नाहीत. म्हणे निजामशाहीच्या काळात पल्याडच्या एका सरदाराने अल्याडचा एक शिलेदार दगा देऊन मारला. त्याची बायको घोड्यावर मांड टाकून, हातात पट्टा घेऊन सूड उगवायला निघाली. नदीत दोघं समोरासमोर आले. सरदाराने तलवार टाकली आणि उघडा तळहात पुढे केला. बाईने त्यावर लिंबू ठेवलं, पट्टा फिरवला, लिंबाच्या दोन फोडी केल्या आणि हाताला ओरखडासुद्धा न लावता घोडा वळवला. पुढे त्या दोघांचं काय झालं यावर दोन्ही गावांची दोन मतं आहेत, आणि खरंखोटं त्या बाईलाच ठाऊक. पण तेव्हापासून चैत्री पौर्णिमेच्या यात्रेत एका काठाचा हात आणि दुसऱ्या काठाचा पट्टा, ही रीत पडली. ज्याचा हात हवा त्याच्या नावाने ठाण्यावर विडा ठेवायचा. त्याने विडा उचलला की वचन झालं. मग मागे फिरायचं नाही.

रेश्मा लहान होती तेव्हा रेश्माच्या वडिलांनी, रंगनाथ वस्तादांनी, असाच हात दिला होता. पल्याडच्या बजरंग वस्तादांचा पट्टा फिरला, आणि लिंबासोबत आप्पांच्या तळहाताची शीर तुटली. बोटं कायमची आखडली. अल्याडची तालीम ओस पडली. हात देण्याची रीत दोन्ही गावांनी बंद केली आणि लोक म्हणाले, बजरंगाने मुद्दाम केलं, त्याला रंगनाथचं नाव खुपत होतं.

आप्पा मात्र म्हणायचे, “चूक कुनाचीच नव्हती गं.” रेश्माला वाटायचं, माणूस मोठ्या मनाचा, म्हणून बोलतो. बाजेवर बसून, डाव्या हाताने ठेका देत, त्यांनी लेकीला पट्टा शिकवला. त्यांना वाटलं, पोरगी कला शिकतेय. पोरगी काय शिकत होती ते तिचं तिला माहीत. आप्पा गेले, आणि या माघी पौर्णिमेला रेश्माने ठाण्यावर बजरंग वस्तादांच्या नावाने विडा ठेवला. सगळं गाव हादरलं. म्हाताऱ्याने दिवस मावळायच्या आत तो उचलला, एक शब्दही न बोलता.

तिच्या मनात लिंबू कापायचं नव्हतंच. वाळवंटात, दोन्ही गावांदेखत, त्या हाताची बोटं आप्पांच्या बोटांसारखी करायची होती. पट्टा घसरला म्हणायचं. बजरंग वस्तादांनी तरी तेव्हा दुसरं काय म्हटलं होतं?

पुढच्या शनिवारी तो अकोल्याचा गडी कडब्यासाठी आला. नाव गोरक्षनाथ, पण “गोरख म्हणा, पुरतं नाव घेतलं की मास्तर हजेरी घेतोय असं वाटतं.” वस्तीवर एका म्हाताऱ्या नातेवाइकाची शेती बघायला आलोय, म्हणाला. कुठली वस्ती, कोण नातेवाईक, रेश्माने विचारलं नाही. कुणाला काही विचारायची सवयच मोडली होती तिची.

मोटारसायकलवर मावतील तेवढ्याच पेंढ्या त्याने नेल्या. पुढच्या शनिवारी पुन्हा आला. त्याच्या पुढच्या शनिवारीही.

“टेम्पोत एकदाच न्यायचा की रं समदा,” छबूबाई म्हणाली.

“ताजा-ताजा बरा असतो आत्या.”

“कडबा? ताजा?” छबूबाईने रेश्माकडे पाहिलं. “ह्याची म्हस हाय का हत्ती?”

तिसऱ्या शनिवारी तो खळ्याच्या कडेला उभा राहून तिचा सराव बघत होता. वीट, विटेवर लिंबू, पट्ट्याची शीळ आणि दोन फोडी. कुणाचा हात कापायला एवढं चाललंय, हे त्याने विचारलं, आणि रेश्माने पहिल्यांदाच कुणाला तरी सगळं सांगितलं. पट्टा घसरणार आहे, तेसुद्धा.

गोरखने पायातल्या चपला काढल्या. मग पुढे आला, वीट पायाने सरकवली आणि गुडघ्यावर बसून उजवा तळहात समोर धरला.

“येड लागलंय का?” रेश्मा म्हणाली. “अल्याडची पोरंसुद्धा भेतात.”

“भ्या मलाबी वाटतंय. पन इटंचा आन हाताचा काय मेळ? ठिवा लिंबू.”

आधी तिने लाकडी पट्टी चालवली. मग बोथट पातं. मग खरं. त्याचा तळहात नांगराने रापलेला, मधोमध उबदार. लिंबू ठेवताना तिची बोटं त्याला लागायची आणि दोघंही काहीतरी भलतंच बोलायला लागायचे.

“डोळं मिटू नका,” ती दटावायची. “हात देणाऱ्यानं मारणाऱ्याच्या डोळ्यांत बघायचं असतं. तशीच रीत हाय.”

“रीत लई चांगली हाय,” तो म्हणायचा. “शिक्षा तेवढी वंगाळ वाटत न्हाई.”

“बोलू नका. हात हलतो.”

“हात न्हाई हलत. दुसरंच कायतरी हलतंय.”

मग ती पट्टा खाली ठेवून पाठ फिरवायची, कारण हसू आलेल्या माणसाने पट्टा चालवू नये. चहा व्हायचा. तो अकोल्याच्या भातखाचरांचं, भंडारदऱ्याच्या धुक्याचं, जीपच्या टपावर बसून येणाऱ्या वऱ्हाडाचं सांगायचा. अहो-जाहो कधी गळून पडलं ते कळलं नाही. रविवार ते शुक्रवार हे वार पंचांगात उगाच घातलेत, असं रेश्माला वाटायला लागलं. आणि तो गेला की घर पूर्वीपेक्षा जास्त रिकामं व्हायचं. याची तिला भीती वाटली. एकटं राहायची सवय तिने केवढ्या कष्टाने लावून घेतली होती.

यात्रेला आठवडा उरला होता. गोरख गुडघ्यावर बसला होता, लिंबू त्याच्या तळहातावर होतं आणि रेश्माचा पट्टा फिरायला लागला होता. तेवढ्यात घरातून छबूबाई ओरडली, “गोरख, च्या निवला रं!”

त्याची मान वळली नाही. डोळेसुद्धा हलले नाहीत. पण तळहात मात्र केसभर वर आला.

लिंबू तुटलं, आणि अंगठ्याच्या मुळाशी लाल रेघ उमटली. रेश्मा धावली. ओढणीचं टोक फाडून तिने जखम बांधली.

“लागलं न्हाई फार,” तो म्हणाला. “नावानं हाक आली की हात हलनारच की. मानूस हाय, खांब न्हाई.”

रेश्माने गाठ मारली आणि ती तशीच बसून राहिली. नावाने हाक आली की... तिला वाळवंट आठवलं. कुणाच्या तरी खांद्यावरून दिसणारी गर्दी, हलगी थांबल्यावरची शांतता, आणि त्या शांततेत बारीक, लाडिक, ओळखीचा एक आवाज.

ती उठून स्वयंपाकघरात गेली. “आत्या, त्या दिवशी यात्रेत मी कुठं होते?”

छबूबाईने हातातली कपबशी खाली ठेवली. “आता कशाला ते?”

“मी हाक मारली होती का आप्पांना?”

छबूबाईने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. “लेकरू हुतीस गं. माझ्या खांद्यावर हुतीस. तुला बाप दिसला, तू आनंदानं ‘आप्पा’ म्हनून वराडलीस. दादाचा हात उचलला गेला. समद्यांची नजर पट्ट्यावर, हाक कुनाच्या ध्यानात ऱ्हायली न्हाई. बजरंगाचा काय दोष? पन तुझ्या जिवाला घोर लागू ने म्हनून दादानं मला शपत घातली. आन बजरंग म्हनला, वस्ताद, माझा पट्टा घसरला असंच म्हना, मला न्हाई पोर न्हाई बाळ, माझ्या नावाला कशाला जपायचं?”

दारात गोरख उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं, आणि त्याचाही चेहरा पडला होता.

“मला बी न्हवतं ठाऊक,” तो म्हणाला. “मामा कंदीच बोलले न्हाईत.”

“मामा?” रेश्मा वळली.

“बजरंग वस्ताद माझे मामा. विड्याचंबी ते घरात बोलले न्हवते. तू तिसऱ्या शनिवारी सांगितलं, तवा मला समजलं तू कोन ते.”

“आणि तरी हात धरत राहिलास?”

“इटंला दुखत न्हाई, रेश्मा. वाटलं, तुला जित्या हाताची सवय होऊ दे. एकदा का सवय झाली, मग मुद्दाम कापवनार न्हाई तुझ्याच्यानं.”

रेश्माने त्याच्यासाठी ओतलेला कप बाजूला सरकवला. “म्हणजे हे सगळं... येणं, बोलणं, चहा, अकोल्याचं धुकं... हे पण मामासाठीच?”

गोरखने तोंड उघडलं, मिटलं. पुन्हा उघडलं. एक शब्द बाहेर येईना.

“जा,” ती म्हणाली. “कडबा संपला.”

तो गेला. तो आठवडा रेश्माने कसा काढला ते विचारू नये. राग होता तोवर घरात निदान राग तरी होता. त्या रागाशी बोलत भाकरी खाता येत होती, त्याला उशाशी घेऊन झोपता येत होतं. आता ज्याच्यावर सूड घ्यायचा ते माणूस आरशात होतं, आणि ज्याच्याशी बोलावं ते पुलाच्या पलीकडे गेलं होतं. डेअरीत दुधाचं माप दोनदा चुकलं. छबूबाई दोनदा “जेव गं” म्हणाली आणि मग तीसुद्धा गप्प झाली.

चैत्री पौर्णिमेला, ऊन उतरल्यावर, वाळवंट माणसांनी फुलून गेलं. रेवडी, पाळणे, गुलाल. पोरांनी आधीच मोबाईल उंच धरले होते. लोकांना लिंबू बघायचं नव्हतं, रक्त बघायचं होतं, आणि ते कुणी लपवतही नव्हतं.

बजरंग वस्ताद आले. धुवट धोतर, डोक्याला फेटा, अंगाने वाळलेले. मागे गोरख, अंगठ्याला अजून पट्टी. वस्तादांनी ठाण्याला नमस्कार केला, रेश्मापुढे बसले आणि हात पुढे केला. हात वयाने थरथरत होता. हा माणूस आपला हात गमवायच्या तयारीनेच आला आहे, हे रेश्माला स्पष्ट दिसलं. त्याने मनात तो केव्हाच देऊनही टाकला होता.

हलगी थांबली.

“आज पट्टा चालणार न्हाई,” रेश्मा मोठ्याने म्हणाली. “आधी माझं ऐका. माझ्या आप्पांचा हात बजरंग वस्तादांनी तोडला न्हाई. मी हाक मारली, म्हणून आप्पांचा हात हलला. एवढी वर्षं ह्या माणसाला तुमी नावं ठेवलीत. मीपण ठेवली. ती सगळी माझ्या नावावर लिहा.”

गर्दीतून ‘अरारा’ असा एक हुंकार आला. वस्तादांचे डोळे भरले.

“कशाला बोललीस पोरी? रंगनाथला शब्द दिल्ता म्या.”

“तो तुमी पाळलात वस्ताद. मी कुणालाच दिला नव्हता.” तिने खोबळ्यातून हात काढला आणि पट्टा त्यांच्यापुढे ठेवला. मग वाळूत गुडघ्यावर बसून तिने आपला उजवा तळहात उघडला. “आज अल्याडचा हात, पल्याडचा पट्टा. लिंबू ठेवा.”

“न्हाई जमायचं. त्या दिसापासनं शिवलो न्हाई म्या त्याला.”

“मीपण कुणाच्या पुढ्यात हात धरला न्हाई कधी. दोघांनाही पहिल्यांदाच हाय.”

शेवटी वस्ताद उठले. खोबळ्यात हात गेला तरी थरथर थांबली नव्हती. रेश्माला ती दिसत होती, आणि पट्ट्याखाली बसणं म्हणजे काय असतं ते आज पहिल्यांदा कळत होतं. आपल्याला काहीच करायचं नसतं. फक्त विश्वास ठेवायचा असतो, आणि तेच सगळ्यात अवघड. गोरखने दर शनिवारी हे केलं होतं. ती वस्तादांच्या डोळ्यांत बघत राहिली. पट्ट्याची शीळ आली.

तळहातावर वारं लागलं. लिंबाचा रस जुन्या घट्ट्यांच्या भेगांत झोंबला. हात तसाच होता, पाचही बोटं वळत होती. हलगी फुटेल अशी वाजायला लागली, आणि बजरंग वस्ताद वाळूत बसून लहान पोरासारखे रडू लागले. रेश्माने त्यांच्या पायांवर डोकं टेकलं. त्यांनी तिला उठवलं नाही, नुसता तिच्या केसांवर हात ठेवून राहिले.

गर्दी पांगली, तशी ती पाण्याच्या कडेला जाऊन बसली. थोड्या वेळाने गोरख आला आणि हातभर अंतर ठेवून बसला.

“उद्या अकोल्याला चाललो,” तो म्हणाला. “पेरणीआधी खाचरं भाजायची हायेत.”

“बरं.”

“त्या दिवशी तू इचारलंस, आन मी गप बसलो...”

“दिसलं मला.”

“तवा खरं बोललो असतो, तर तुला वाटलं असतं मामाचा हात वाचवायला बोलतोय. आता मामाचा हात वाचला. आता जे बोलंन ते निव्वळ माझं.” त्याचे कान लाल झाले होते. “मला तू आवडतीस. लई आवडतीस. पहिल्या दिवशी बैल म्हनालीस, तवापासनं.”

रेश्मा पाण्याकडे बघत राहिली. “माझ्यापाशी काहीच न्हाई रे द्यायला. आत नुसता एक राग होता, त्यावर मी जगत होते. तोही आज गेला. आता आत बघते तर... सगळं भकास.”

“मग लगेच काय देऊ नगंस. मी बसतो की शेजारी.”

“अकोल्यात बसून?”

“येत जाईन. तू ये. आत्यालाबी आन.”

“तिकडं पाऊस लई असतो म्हणे.”

“छत्री हाय माझ्याकडं.”

“एकच?”

“एकच हाय,” गोरख अगदी गंभीरपणे म्हणाला.

रेश्मा हसली. हसता हसता तिचा आवाज चिरला, आणि आप्पा गेले तेव्हाही न आलेलं रडू तिला आता आलं. तिने ते अडवलं नाही. गोरखने समजूत घातली नाही, उगी म्हटलं नाही, फक्त दोघांमधलं ते हातभर अंतर सरकून संपवलं. रेश्मा पोटभर रडली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा, तिच्या रडण्याला कुणीतरी सोबत होतं.